प्रकाशवर्ष: मुलीला चुकीचं सांगितलं, आता नीट समजून घ्यायचंय

कर्वेनगरची_आई | रविवार, रात्री १०:५०

काल रात्री आठच्या सुमारास आमच्याकडे लाइट गेली. घरात बसून काय करायचं म्हणून मी आणि लेक (सातवीत आहे) सतरंजी घेऊन गच्चीवर गेलो. आजूबाजूच्या सोसायट्याही अंधारात होत्या, त्यामुळे कधी नव्हे ते आकाश दिसलं. मृग, त्याच्या पोटातला बाण, रोहिणी, आणि पूर्वेकडे नुकताच वर आलेला व्याध. एवढे मला ओळखता येतात, वडिलांनी दाखवले होते.

तिने विचारलं, व्याध किती लांब आहे? मला आकडा आठवत होता: ८.६ प्रकाशवर्षं. "म्हणजे तिथे जायला साडेआठ वर्षं लागतील?" मी म्हटलं, हो. झोपताना ती म्हणाली, "म्हणजे आज निघाले तर मी विसाव्या वर्षी तिथे!" आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपण लेकीला साफ चुकीचं सांगितलंय.

सकाळी दुरुस्ती करायला गेले, तर तिने दोन प्रश्न आणखी विचारले. एक, अंतर आहे तर त्याला वर्ष का म्हणायचं? दुसरा ऐकून मी गप्पच झाले. "आई, पण मोजलं कसं? टेपचं दुसरं टोक कुणी धरलं होतं?"

इथे जाणकार मंडळी आहेत म्हणून धागा काढते. सातवीतल्या मुलीला आणि तिच्या कॉमर्स झालेल्या आईला कळेल असं सांगा.

---

अकरावीची_शिकवणी | रविवार, रात्री ११:२०

ताई, आधी नुसता हिशेब करू, मग पुढचं सोपं जाईल.

प्रकाश निर्वात पोकळीत सेकंदाला २,९९,७९२.४५८ किमी जातो. वर्ष ३६५.२५ दिवसांचं धरायचं, म्हणजे ३,१५,५७,६०० सेकंद. दोन्हींचा गुणाकार येतो ९४,६०,७३,०४,७२,५८०.८ किमी. तोंडाने म्हणायचं तर सुमारे ९ लाख ४६ हजार कोटी किलोमीटर. हे एक प्रकाशवर्ष. यात वेळ कुठेही शिल्लक राहत नाही, सेकंदाला सेकंदाने खाल्लं आणि उरले ते किलोमीटर. लेकीला हा गुणाकार एकदा स्वतः वहीत करायला लावा. शेवटची शून्यं मोजताना जे कळतं ते दहा वेळा सांगून कळत नाही.

साडेआठ वर्षं लागतात ती प्रकाशाला. ताशी १०० किलोमीटरने न थांबता गाडी चालवली, तर एकच प्रकाशवर्ष कापायला सुमारे १ कोटी ८ लाख वर्षं लागतील. व्हॉयेजर-१ हे यान १९७७ साली निघालं आणि आज सेकंदाला सुमारे १७ किमी वेगाने सूर्यापासून लांब चाललंय. त्यालासुद्धा एका प्रकाशवर्षाला साडेसतरा हजार वर्षं हवीत.

जवळची उदाहरणं: चंद्रावरून प्रकाश सव्वा सेकंदात येतो, सूर्यावरून ८ मिनिटं १९ सेकंदांत.

---

दिवे_घाट | सोमवार, सकाळी ६:१५

लेकीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मराठीतच पडलेलं आहे. मजल.

मजल दरमजल करीत फौज निघाली, असं आपण वाचतो. मजल म्हणजे एका दिवसात जितकं चालून होतं तितकं अंतर. माप दिवसाचं, पण मोजायचं अंतर. "इथून चार मजला" म्हटलं की ऐकणाऱ्याला गाव किती लांब ते कळायचं आणि शिधा किती बांधायचा तेही कळायचं. आजही मुंबई किती लांब विचारलं तर आपण तीन तास म्हणतो, किलोमीटर कुणी सांगत नाही.

मी गेली अकरा वर्षं वारीला जातो. माउलींची पालखी पुण्याहून निघाली की पुढचा मुक्काम सासवड, मध्ये दिवे घाट. तीसेक किलोमीटरचा तो दिवस. आमच्या दिंडीतल्या म्हाताऱ्या बायकांना किलोमीटर सांगितले तर काही बोध होत नाही. "आजची वाट मोठी, उद्या सासवडातच विसावा" म्हटलं की पायांना कळतं.

प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाशाची वर्षभराची मजल. लेकीला असं सांगून बघा.

---

कर्वेनगरची_आई | सोमवार, सकाळी ८:०५

मजल! हे तिला लगेच कळलं. इतिहासाच्या पुस्तकात तो शब्द आहे, पण त्याचा अर्थ दिवसाशी जोडलेला आहे हे मलाही माहीत नव्हतं. डबा भरता भरता म्हणाली, "पण पाऊस पडला तर मजल कमी होईल ना?" काय सांगू?

---

अकरावीची_शिकवणी | सोमवार, सकाळी ८:४०

अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय तिने. मजल चिखलात आखूड होते, घोडदळाची लांब आणि तोफखान्याची त्याहून छोटी. म्हणून मजल हे ठोकताळ्याचं माप राहिलं, त्यावर नकाशा करता येत नाही. प्रकाशाचं तसं नाही. निर्वात पोकळीत त्याची चाल बदलत नाही. दिवा तुमच्याकडे धावत येत असो की लांब जात असो, मोजाल तेव्हा आकडा तोच. पाण्यातून किंवा काचेतून जाताना तो मंदावतो, पण ताऱ्यांमधली जागा जवळजवळ रिकामीच आहे.

ही खात्री इतकी पक्की आहे की १९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशावरून केली जाते: एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात प्रकाश जितका जातो तितका एक मीटर. म्हणजे तिच्या कंपासपेटीतली पट्टीसुद्धा शेवटी प्रकाशाच्या चालीवरच उभी आहे.

---

पेठेतला_तिसरा_मजला | सोमवार, दुपारी १:३०

मजलचा दाखला सुंदर आहे, पण मला या शब्दाबद्दल तक्रार आहे आणि ती मनापासून आहे. प्रकाशवर्ष या शब्दात शेवटी वर्ष येतं आणि मराठीत समासाचा भार शेवटच्या शब्दावर पडतो. शालिवाहन वर्ष, आर्थिक वर्ष, प्रकाशवर्ष. मुलांना काळ वाटणारच. मोठी माणसंही "पाच प्रकाशवर्षांपूर्वी" असं छापतात. मी तीस वर्षं मुद्रितशोधन केलं आणि ही चूक कितीदा खोडली त्याची गणती नाही. सरळ किलोमीटर का नकोत? किंवा शास्त्रज्ञ वापरतात ते पार्सेक?

---

दुर्बीण_आणि_थर्मास | सोमवार, दुपारी ४:१०

काका, तुमची तक्रार फार जुनी आहे. हा शब्द जर्मनीत १८५१ साली ओटो उले यांच्या लोकांसाठी लिहिलेल्या लेखात आला. पुढे मोठमोठ्या खगोलशास्त्रज्ञांनाही तो गैरसोयीचा वाटला. शोधनिबंधांत आजही पार्सेकच चालतं, एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं.

तरी मी प्रकाशवर्षाच्याच बाजूची. किलोमीटरमध्ये रोहिणी आणि मघा दोघींपुढे लाखो कोटींचे आकडे येतात आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पार्सेक कोनावरून बनलेलं आहे, मोजणाऱ्याच्या सोयीचं. प्रकाशवर्षाचा आकडा अंतर सांगतो आणि आपण बघतोय तो प्रकाश कधीचा आहे हेही त्याच दमात सांगतो. व्याध ८.६. म्हणजे ताईंनी गच्चीवरून पाहिला तो व्याध साडेआठ वर्षांपूर्वीचा, लेक जेमतेम चार वर्षांची असतानाचा. ही दुसरी गोष्ट किलोमीटर कधीच सांगणार नाही.

"पाच प्रकाशवर्षांपूर्वी" मात्र चूकच. "पाच किलोमीटरपूर्वी" म्हणण्यासारखं आहे ते.

---

बांध_आणि_मोजणी | सोमवार, रात्री ९:३५

टेपचं दुसरं टोक कुणी धरलं, हा प्रश्न वाचून राहवलं नाही. माझं सगळं आयुष्य जमीन मोजण्यात गेलं. जुन्नर, मावळ, मुळशी, भोर, सगळे तालुके पायाखालून गेलेत. साखळी ओढली, प्लेन टेबल मांडलं, थिओडोलाइट खांद्यावर वाहिलं. त्यामुळे ताऱ्यांचं फार कळत नसलं तरी या प्रश्नाचं उत्तर मला येतं. दुसरं टोक कुणीच धरलेलं नसतं, आणि आमच्या कामातही पुष्कळदा नसायचं.

मुळशीकडे पावसाळ्याच्या तोंडावर एक मोजणी होती. मध्ये ओढा, त्याला पाणी चढलेलं. पलीकडच्या बांधावर एक उंबर, तिथवरचं अंतर हवं होतं. साखळी पलीकडे नेणं शक्य नव्हतं. मग आम्ही काय केलं, तर अलीकडच्या काठाला दोन खुंट्या ठोकल्या, पन्नास मीटर अंतरावर. हे अंतर काटेकोर मोजलं, दोनदा मोजलं. याला आधाररेषा म्हणायचं. पहिल्या खुंटीवर यंत्र लावून उंबराचा कोन घेतला, मग दुसऱ्या खुंटीवरून घेतला. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन हातात आले की उरलेल्या बाजू कागदावर निघतात. उंबराला हात न लावता त्याचं अंतर आलं. पाणी उतरल्यावर साखळी टाकून पडताळलं, वीतभराचा फरक होता. त्या दिवशी माझ्या साहेबांनी मला भजी खाऊ घातली.

ताऱ्यांचं हेच आहे, फक्त ओढा मोठा आहे. आधाररेषा पन्नास मीटरची पुरत नाही, पृथ्वीच्या रुंदीएवढी घेतली तरी पुरत नाही. मग खुंट्या ठोकायच्या पृथ्वीच्या वाटेवर. आज एक कोन घ्यायचा आणि सहा महिन्यांनी दुसरा. तेवढ्यात पृथ्वी सूर्याच्या पलीकडे गेलेली असते आणि दोन खुंट्यांमध्ये सुमारे तीस कोटी किलोमीटर पडतात. त्या दोन ठिकाणांहून जवळचा तारा मागच्या लांबच्या ताऱ्यांवर किंचित सरकलेला दिसतो. लेकीला सांगा, हात लांब करून अंगठा धर आणि एकेक डोळा मीट. मागच्या भिंतीवर अंगठा उडी मारतो. अंगठा जवळ आणला की उडी मोठी, लांब नेला की लहान. उडी मोजली की अंतर मिळालं. मराठीत याला पराशय म्हणतात.

अडचण एवढीच की उडी फार बारीक. अंशाचे साठ भाग केले की एक कला, कलेचे साठ केले की एक विकला. कुठल्याही ताऱ्याची अर्धी उडी, म्हणजे सूर्य ते पृथ्वी एवढ्याच आधाररेषेवरची, एक विकलासुद्धा भरत नाही. (सूर्य ते पृथ्वी एवढ्या आधाररेषेवर बरोबर एक विकला भरेल ते अंतर म्हणजे एक पार्सेक, म्हणून ते मोजणाऱ्याच्या सोयीचं.) हा कोन पहिल्यांदा पकडून जाहीर केला जर्मनीतल्या बेसेल यांनी, १८३८ साली. इकडे पेशवाई बुडून वीस वर्षं झाली होती. तारा होता हंस तारकासमूहातला ६१ क्रमांकाचा, साध्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा. कोन आला विकलेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, आणि त्यावरून अंतर निघालं सुमारे १०.३ प्रकाशवर्षं. आज ते ११.४ धरतात. काचेच्या भिंगातून, हाताने स्क्रू फिरवून घेतलेला कोन आहे हा! मी स्वतः कोन घेतलेत म्हणून सांगतो, त्या माणसापुढे हात जोडावेत.

थोडक्यात, ताऱ्याकडे प्रकाश पाठवून घड्याळ लावून कुणी बसलेलं नव्हतं. अंतर कोनावरून निघालं. मग त्याला प्रकाशाच्या मजलेने भागलं.

---

कृत्तिका_सातवी | सोमवार, रात्री १०:०२

मोजणीदार काका, प्रतिसाद प्रिंट काढून ठेवला. आमच्या शाळेत भूगोलाच्या तासाला वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

एक प्रश्न: प्रकाशाची चाल तरी मुळात कशी कळली?

---

अकरावीची_शिकवणी | सोमवार, रात्री १०:३०

ओले रोमर, १६७६, पॅरिस. महाराजांचा राज्याभिषेक होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. गुरूचा आयो नावाचा चंद्र ठरलेल्या वेळी गुरूच्या सावलीत शिरतो आणि बाहेर येतो. रोमर यांच्या ध्यानात आलं की पृथ्वी गुरूपासून लांब जात असताना ही ग्रहणं उशिरा होत जातात आणि जवळ येत असताना लवकर. चंद्र वेळ चुकवत नाही, बातमी यायला उशीर होतो. पृथ्वीच्या कक्षेची रुंदी ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात असं त्यांनी काढलं. खरा आकडा १६ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास आहे, पण प्रकाशाला वेळ लागतो हे तोवर कुणी दाखवलेलं नव्हतं.

---

कर्वेनगरची_आई | मंगळवार, सकाळी ७:५०

काका, तुमचा उंबर आमच्या घरात आता कायमचा झाला. दोघींनी अंगठे धरून भिंती न्याहाळल्या.

आता एकच अडचण. ९ लाख ४६ हजार कोटी हा आकडा तिने लिहिला, वाचला, पण "कळतो पण दिसत नाही" म्हणाली. दिसेल असं काही आहे का? शक्यतो पुण्यातलं.

---

दुर्बीण_आणि_थर्मास | मंगळवार, रात्री ८:४५

आहे. आमच्या आकाशदर्शनाला येणाऱ्या मुलांबरोबर मी हे करते. लागणारं साहित्य: तीस सेंटीमीटरची फूटपट्टी. जागा: पर्वती, वर देवळाजवळचा कट्टा.

सूर्य ते पृथ्वी हे १५ कोटी किलोमीटरचं अंतर पट्टीवर १ सेंटीमीटर धरायचं. शून्यावर सूर्य, एकवर पृथ्वी. गुरू ५.२ वर, शनी साडेनऊवर, आणि नेपच्यून बरोबर तीसवर, पट्टीच्या टोकाला. सगळे ग्रह एका फूटपट्टीत मावतात. सूर्याचा ठिपका मात्र या मापात मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान होतो, केसाच्या जाडीएवढा. पृथ्वी दिसणारच नाही.

आता याच मापात एक प्रकाशवर्ष भरतं ६३२ मीटर. आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षं, येतो २.७ किलोमीटरवर. नकाशावर सरळ रेषा मारली तर पर्वतीवरून तो शनिवारवाड्यापाशी पडतो. पट्टी हातात धरून पेठांकडे बघायचं: मधल्या सगळ्या वस्तीत, सारसबागेपासून बाजीराव रस्त्याच्या टोकापर्यंत, एकही तारा नाही. दर वेळी हे सांगताना माझाच आवाज जड होतो.

व्याध कात्रजच्या सर्पोद्यानाच्या जरा पुढे. अभिजित २५ प्रकाशवर्षं, सिंहगडाच्या थोडं अलीकडे. रोहिणी ६५ च्या आसपास, ती जेजुरीला. मघा ७९, कार्ल्याच्या लेण्यांपाशी. कृत्तिकांचा पुंजका ४४० प्रकाशवर्षं, तो लातूरकडे गेला. लालसर ज्येष्ठा साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे पणजीच्या थोडी पलीकडे. आपल्या आकाशगंगेची रुंदी साधारण एक लाख प्रकाशवर्षं धरली तर ती पृथ्वीला दीड प्रदक्षिणा घालून वर उरते. आणि देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी), पंचवीस लाख प्रकाशवर्षं, अंधाऱ्या जागेवरून साध्या डोळ्यांनी पुसट ढगासारखी दिसते ती, या मापात खऱ्याखुऱ्या चंद्राच्या चौपट लांब जाते. शनिवारवाड्यावरून सुरू करून चंद्राच्या पलीकडे, तेही सूर्य-पृथ्वी एक सेंटीमीटरवर असताना.

मोजणीदार काका, तुमच्यासाठी: बेसेलनंतर ज्यांनी प्रॉक्सिमाचा कोन मोजला त्यांनी काय मोजलं? शनिवारवाड्यावर उभं राहून पर्वतीवरच्या पट्टीचा एक सेंटीमीटर. भरतो ०.७७ विकला.

---

बांध_आणि_मोजणी | मंगळवार, रात्री ९:१०

ताई, डोळ्यांत पाणी आलं. शनिवारवाड्यावरून पर्वतीवरचा एक सेंटीमीटर. आमचं यंत्र यापुढे काहीच नाही.

---

दिवे_घाट | मंगळवार, रात्री ९:४०

रोहिणी जेजुरीला! सासवडनंतर माउलींचा मुक्काम जेजुरीलाच असतो. यंदा तिथे पोचलो की वर बघेन. ढग असणार, तरी बघेन.

---

खोडदचा_शेजारी | बुधवार, सकाळी ११:२०

पुण्याचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडचं सांगतो. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, चौदा मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. द्राक्षबागांतून जाताना अचानक समोर येतात. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, तिथे प्रदर्शन भरतं. आसपासच्या शाळांतली मुलं प्रयोग मांडतात. ताईंनी लेकीला जरूर आणावं.

रेडिओ लहरी म्हणजे प्रकाशाचीच भावंडं, चाल तीच. जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली होती की या तबकड्यांनी ८८० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संदेश पकडला. मध्ये आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेने भिंगासारखं काम करून तो वाढवला म्हणून तो हाती लागला. ८८० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता. तेव्हा निघालेली लहर आमच्या शिवारात उतरली.

---

अकरावीची_शिकवणी | बुधवार, दुपारी ३:००

फार छान लिहिलंत. फक्त एक बारकावा, कारण बातम्यांत तो नेहमी सुटतो. ८८० कोटी हा आकडा प्रकाश किती वर्षं वाटेत होता त्याचा आहे. जवळच्या ताऱ्यांसाठी "इतकी वर्षं लागली" आणि "इतकी प्रकाशवर्षं लांब" हे एकच. पण एवढ्या लांब गेल्यावर मधली जागाच प्रसरण पावत असते. लहर निघाली तेव्हा ती दीर्घिका आपल्याला बरीच जवळ होती आणि आज ८८० कोटी प्रकाशवर्षांहून पुष्कळ लांब गेलेली आहे. म्हणूनच विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं असूनही दिसणाऱ्या विश्वाची कड आज ४६०० कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास मानतात. वारकऱ्याने चालायचं आणि रस्त्यानेही पायाखाली लांबत जायचं, असा प्रकार. मजलेची उपमा इथे थकते, आणि ती थकते हे मुलांना सांगितलं पाहिजे.

---

पेठेतला_तिसरा_मजला | बुधवार, सायंकाळी ६:२०

माझी तक्रार मी अर्धी मागे घेतो. अंतर आणि काळ दोन्ही एका आकड्यात, हे पटलं. पण मग हेही सांगा: आपण बघतो ते तारे आज असतील तरी का? मेलेल्या ताऱ्यांचा प्रकाश बघतोय, असं पुष्कळ जण लिहितात.

---

दुर्बीण_आणि_थर्मास | बुधवार, रात्री ८:००

काव्यात चालतं, आकाशात बहुतेक वेळा चालत नाही. साध्या डोळ्यांना दिसणारे जवळजवळ सगळे तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आत आहेत. ताऱ्यांचं आयुष्य निदान काही दशलक्ष वर्षांचं, पुष्कळांचं अब्जावधी वर्षांचं. तेवढ्या आयुष्यात काही शतकं म्हणजे काल संध्याकाळ. व्याध, स्वाती, अभिजित आज जागेवर आहेत, खुशाल समजा. मृगातला काक्षी म्हातारा झालाय, २०१९-२० च्या हिवाळ्यात तो चांगलाच मंदावला होता, आम्ही रोज रात्री बघायचो. ते मंदावणं कित्येक शतकांपूर्वी घडून गेलेलं होतं, आम्हाला बातमी तेव्हा मिळाली.

अवांतर: माझ्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं तेव्हा रात्री तिला खुर्चीवर बसवून अंगणात आणलं आणि मघा दाखवली. एक्याऐंशीची ती, मघा ७९ प्रकाशवर्षं. सांगितलं, तू दोन वर्षांची असताना निघालेला उजेड आज तुझ्या डोळ्यात आला. तिने पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. म्हणाली, "तेव्हा माझी आई होती गं."

---

कृत्तिका_सातवी | बुधवार, रात्री ८:२५

ताई 🙏

---

खोडदचा_शेजारी | गुरुवार, सकाळी १०:१५

मोठ्या आकड्यांत पुण्याचं आणखी एक नाव राहिलं. २०१७ मध्ये आयुका आणि आयसर या पुण्यातल्या संशोधन संस्थांच्या मंडळींनी मीन राशीच्या दिशेला दीर्घिकांचा एक अजस्र समूह शोधला आणि त्याला सरस्वती नाव दिलं. अंतर सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षं, नुसता पसारा ६० कोटी प्रकाशवर्षांचा. तो उजेड निघाला तेव्हा पृथ्वीचं वय पन्नासेक कोटी वर्षं होतं.

आणि आयुका म्हटलं की डॉ. जयंत नारळीकर आठवतात. मे २०२५ मध्ये ते गेले. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव. उत्तर सहीसकट यायचं. टेपचं दुसरं टोक कुणी धरलं, हा प्रश्न त्या पोस्टकार्डावर शोभला असता.

---

कर्वेनगरची_आई | रविवार, रात्री ९:३०

आज जाऊन आलो. पट्टी, टाचणी, पाण्याची बाटली आणि मुलीची वही.

पर्वतीवर चारला पोचलो. कट्ट्यावर पट्टी ठेवली, शून्यावर पेनाचा बारीक ठिपका दिला. तो ठिपकाही सूर्याच्या मानाने फार मोठा झाला, हे तिनेच सांगितलं. शनिवारवाडा कुठला ते इमारतींच्या गर्दीत आम्हाला ओळखता येईना. रोज चढायला येणाऱ्या एका आजोबांनी दिशा दाखवली. मग ती बराच वेळ काही बोलली नाही. एकदा पट्टीकडे बघायची, एकदा तिकडे. "म्हणजे इथून तिथपर्यंत काहीच नाही?" काहीच नाही, म्हटलं. "आणि व्हॉयेजर?" वहीत हिशेब करून आणला होता: सुमारे १७० सेंटीमीटर. तिने हात पसरून दाखवलं, माझ्या उंचीहून जरासंच जास्त. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांत तेवढं.

मग तिच्या डोक्यात आलं की या मापात प्रकाश किती वेगाने सरकेल ते करून बघायचं. एका सेंटीमीटरला ८ मिनिटं १९ सेकंद. शून्यावर टाचणी ठेवली आणि मोबाइलवर घड्याळ लावलं. टाचणी मिलिमीटर मिलिमीटर पुढे. मुंगी एक आली आणि सगळी पट्टी ओलांडून गेली, आमचा प्रकाश अजून बुधापाशी. पृथ्वीवर पोचलो तेव्हा तिने टाळी वाजवली. येणारे-जाणारे थांबून विचारत होते, दोन लहान मुलं तर शेजारी मांडी घालून बसलीच. मंगळ साडेबारा मिनिटांनी. त्यानंतर लांबच लांब काही नाही, आम्ही दाणे खाल्ले. गुरूला टाचणी लागली तेव्हा त्रेचाळीस मिनिटं झाली होती. अंधारायला लागलं म्हणून उठलो.

उतरताना म्हणाली, "आई, शनिवारवाड्याला पोचायला टाचणीला सव्वाचार वर्षं लागतील. तोवर मी अकरावीत."

---

बांध_आणि_मोजणी | रविवार, रात्री ९:५०

शाब्बास पोरी. शनीला एक तास एकोणीस मिनिटं लागतील. पुढच्या वेळी तीनलाच चढा, मी येतो. टाचणीसाठी चांगली जाड काचेची पट्टी आहे माझ्याकडे, नोकरीतली.